काळ्या मोहऱ्यांची गढी

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



बुद्धिबळावर बोलायचं म्हटलं की लोकांना वाटतं, आता हा विश्वविजेत्यांच्या गोष्टी सांगणार. मी आहे हिंगोलीचा एक निवृत्त शिक्षक. तालुक्याच्या स्पर्धेत चार-दोन बक्षिसं मिळाली, जिल्ह्याच्या स्पर्धेत बहुतेक वेळा हरलो. पण मी आणि माझ्या एका मित्रानं मिळून काळ्या मोहऱ्यांनी खेळायची एक नवी सुरुवात शोधून काढली होती. निदान तसं आम्हाला वाटत होतं. ती कशी सापडली, तिची परीक्षा आम्ही कशी घेतली आणि त्या परीक्षेत मी स्वतः कसा नापास झालो, तेवढंच आज सांगणार आहे.

सुरुवात आजोबांपासून करावी लागेल. कयाधू नदीच्या काठी आमचं गाव. आजोबा निजामाच्या राजवटीत वाढलेले, आणि बुद्धिबळ खेळायचे ते देशी पद्धतीनं. आज शाळेत शिकवतात त्याला आपण आंतरराष्ट्रीय पद्धत म्हणतो. तिच्यात प्याद्याला पहिल्या खेपेला दोन घरं जाता येतं. आजोबांच्या खेळात प्यादं कायम एकच घर चालायचं. आजच्यासारखी राजा आणि हत्ती यांची अदलाबदल, म्हणजे किल्लेकोट, त्यांच्या खेळात नव्हती. त्याऐवजी शह बसण्याआधी राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता यायची. शेवटच्या ओळीत पोचलेलं प्यादं ज्या घरात पोचेल त्या घरचं मोहरं व्हायचं. सगळीच प्यादी वजीर होत नसत. काही ठिकाणी तर दोघांनी आपापल्या अर्ध्या पटावर सुरुवातीला चार-चार, आठ-आठ खेळ्या एकदमच मांडून घ्यायची रीत होती. लढाई सुरू व्हायची त्यानंतर.

मी शाळेतून नवे नियम शिकून आलो आणि राजासमोरचं प्यादं दोन घरं सरकवलं. आजोबांनी ते उचलून परत एका घरावर ठेवलं. म्हणाले, "प्याद्यानं उडी मारायची नसते. पायदळ आहे ते." शेवटी तडजोड झाली. मी नव्या नियमानं खेळायचं, त्यांनी जुन्या. म्हणजे माझी प्यादी दोन घरं जाणार आणि त्यांची एकच घर. तरीही ते मला हरवायचे. आपल्या तीन ओळींच्या आत सगळी फौज नीट लावून ते शांत बसायचे. मी पुढे पुढे धावायचो, धावून दमायचो, आणि मग त्यांची मोहरी एकेक करून बाहेर यायची.

हे सगळं मी विसरून गेलो होतो. आठवलं ते पुढे कितीतरी वर्षांनी, हिंगोलीच्या मोंढ्यात.

मोंढ्यातल्या एका आडत दुकानात माझा मित्र मुनीम होता. वयानं माझ्यापेक्षा बारा-चौदा वर्षांनी मोठा. मी त्याला मुनीमजी म्हणायचो, तो मला मास्तर. संध्याकाळी काटे बंद झाले, हमाल घरी गेले की दुकानाच्या मागच्या ओट्यावर पट मांडायचा. हंगामाप्रमाणे वास बदलायचा. कधी कापूस, कधी तूर, कधी हळद. हळदीच्या दिवसांत तर पांढरी मोहरीसुद्धा पिवळी दिसायची.

मुनीमजींचं दुखणं एकच होतं. काळी मोहरी आली की ते हरायचे. आता बुद्धिबळात पांढऱ्याची खेळी पहिली. म्हणजे काळा खेळाडू जन्मतःच एक पाऊल मागे. शिवाय समोरचा पुस्तकं वाचून आलेला असला की पहिल्या पंधरा खेळ्या तो पाठ म्हणतो आणि आपण जागच्या जागी विचार करत बसतो. एका संध्याकाळी मुनीमजी वैतागून म्हणाले, "मास्तर, त्याला पाठच नसेल असं काही करता येईल का?"

तेव्हा मला आजोबांचा पट आठवला.

ती मांडणी सांगतो. सोपी आहे, घरी पट असेल तर लावून पाहा. काळ्याच्या आठ प्याद्यांपैकी सहा प्यादी एकेक घर पुढे सरकवायची. फक्त दोन्ही उंटांसमोरची दोन प्यादी जागची हलवायची नाहीत. घोड्यांसमोरची प्यादी पुढे गेली की तिथं मोकळी झालेली घरं दोन्ही उंटांना द्यायची. तिथून ते अख्ख्या पटावर तिरपी नजर ठेवतात. मग एक घोडा राजासमोर, एक वजिरासमोर. दहा खेळ्यांत सगळं लावून होतं आणि आपलं एकही मोहरं तिसऱ्या ओळीच्या पुढे गेलेलं नसतं. पांढऱ्यानं तोवर अर्धा पट व्यापलेला असतो, पण त्याला मारायला काही सापडत नाही.

मुनीमजींनी मांडणीकडे पाहिलं आणि म्हणाले, "ही तर आपल्या गावातली गढी झाली की हो! बाहेरून नुसती भिंत." तेव्हापासून तिचं नाव गढी पडलं.

गढीत नुसतं बसून भागत नाही. तिचा एक नियम आम्हाला महिनाभरानं सापडला. पांढऱ्याची दोन प्यादी मध्यावर शेजारी शेजारी उभी असतात तोवर आपण वाट पाहायची. त्यानं राजासमोरचं प्यादं आणखी पुढे ढकललं, तर आपण वजिरासमोरचं प्यादं त्याच्या शेजारी नेऊन मध्य बंद करायचा. त्यानं वजिरासमोरचं ढकललं, तर आपण राजासमोरचं न्यायचं. थोडक्यात, पांढऱ्यानं काय करायचं ते ठरवेपर्यंत आपण काहीच ठरवायचं नाही. मुनीमजींना हे लगेच पटलं. आडतीच्या धंद्यात आधी भाव बोलणारा फसतो, असं ते म्हणायचे.

आता परीक्षेचं. शोध लागला की माणसाला तो चालवून पाहण्याची घाई होते, आणि चालवून पाहायचा म्हणजे आपल्यापेक्षा कच्च्या खेळाडूवर. आम्हीही तेच केलं. शाळेतली पोरं, दुकानातले ग्राहक, लग्नाला आलेले पाहुणे, सगळ्यांवर गढी वापरली. आम्ही डावामागून डाव जिंकत होतो. मी शंभर पानी वही घातली. प्रत्येक डावाची तारीख, समोरचा कोण, कुठल्या खेळीला काय झालं, सगळं लिहून ठेवायचो. वही भरत चालली तसा आमचा विश्वासही वाढत गेला.

पण या वहीत एक खोट होती. कच्च्या माणसावरचे विजय त्याचा कच्चेपणा सिद्ध करतात. आपली सुरुवात चांगली आहे हे त्यातून ठरत नाही. खरी परीक्षा घ्यायची तर पट फिरवून पांढऱ्याच्या बाजूला स्वतः बसावं लागतं आणि आपलीच गढी पाडायचा मनापासून प्रयत्न करावा लागतो. हे मला कळत नव्हतं असं नाही, पण करवत नव्हतं.

१९८७ साली परभणीला एक खुली स्पर्धा होती. तेव्हा हिंगोली जिल्हा झालेला नव्हता. तो १ मे १९९९ ला झाला. तोवर आम्ही परभणी जिल्ह्यातच. आम्ही दोघांनी नावं दिली. जायच्या आदल्या रात्री मला झोप येईना. कंदील मोठा केला, वीज गेलेली होती, आणि पहिल्यांदाच मी पांढऱ्याच्या बाजूला बसून गढीवर चालून गेलो.

अर्ध्या तासात भिंतीला भगदाड सापडलं. पांढऱ्यानं राजाच्या उंटासमोरचं प्यादं पाचव्या ओळीपर्यंत रेटलं की गढी डळमळते. ते मारावं, तर मारामारीत राजासमोरची उभी ओळ मोकळी होते. आपला राजा अजून मध्येच असतो. पांढऱ्याचा हत्ती त्या ओळीत येऊन बसतो आणि राजासमोरचा आपला घोडा जखडला जातो. त्याला हलता येत नाही, कारण तो हलला तर राजाला शह. मारू नये, तर भिंत आतून फुटते. मी चार वेळा फिरवून पाहिलं. चारही वेळा काळा हरला.

मी ते वहीत लिहिलं. खाली तारीख घातली. आणि मुनीमजींना सांगितलं नाही.

का सांगितलं नाही, याचं उत्तर मी इतक्या वर्षांत अनेकदा शोधलं. त्यांचं मन खचू नये म्हणून, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. पण ते खरं नव्हतं. गढी ही माझ्या आजोबांची होती, ती मोडकी आहे हे माझ्या तोंडून निघू नये, एवढंच मला वाटत होतं. पुन्हा मनात एक हिशेब होता, की कोणाला सापडतंय!

एस.टी.नं औंढ्यावरून परभणीला गेलो. माझे डाव जेमतेम गेले. मुनीमजी मात्र तीन डाव जिंकले, त्यातले दोन गढीनं. शेवटच्या डावात त्यांच्यासमोर कॉलेजातला एक मुलगा आला. जिंकले असते तर बक्षिसात आले असते. मुनीमजींनी गढी मांडली. मुलानं दहा मिनिटं विचार केला आणि उंटासमोरचं प्यादं पुढे काढलं. मी मागे उभा होतो. पुढचं सगळं मला दिसत होतं, आणि मला बोलता येत नव्हतं. पंचविसाव्या खेळीच्या आसपास मुनीमजींनी राजा आडवा केला.

पाठोपाठ दुसरा धक्का बसला. शेजारच्या टेबलावरचे एक वयस्क गृहस्थ डाव बघत होते. ते हसून म्हणाले, "पाणघोडा खेळलात वाटतं! स्पास्कीनं खेळला होता." आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. आमच्या गढीला जगात आधीच नाव होतं. इंग्रजीत तिला हिप्पोपोटॅमस, म्हणजे पाणघोडा म्हणतात. पाण्यात नाकापर्यंत बुडून पडलेलं ते जनावर शांत दिसतं, पण उठलं की आवरत नाही, म्हणून असेल. चेकोस्लोव्हाकियाचे माक्सिमिलियन उइतेल्की हे खेळाडू ती मांडणी हौसेनं खेळत. आणि बोरिस स्पास्की यांनी ती थेट विश्वविजेतेपदाच्या लढतीत वापरली होती. १९६६ मध्ये मॉस्कोत, तिग्रान पेट्रोशियन यांच्याविरुद्ध, बाराव्या आणि सोळाव्या डावात. दोन्ही डाव बरोबरीत सुटले. ती लढत स्पास्की हरले, पण १९६९ मध्ये त्याच पेट्रोशियन यांना हरवून विश्वविजेते झाले.

परतीच्या एस.टी.त मुनीमजींनी वही मागितली. डाव उतरवून घ्यायचा होता. पानं उलटता उलटता ते शेवटच्या पानावर आले. बराच वेळ त्यांनी ते वाचलं. मग विचारलं, "मास्तर, ही परवाची तारीख आहे ना?"

मी हो म्हणालो.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

मी पुन्हा हो म्हणालो. दुसरं काही सुचलं नाही. हिंगोली येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत बसले.

चार दिवस मी मोंढ्याकडे फिरकलो नाही. पाचव्या दिवशी दुकानातला पोरगा निरोप घेऊन आला, मुनीमजींनी वही घेऊन बोलावलंय. गेलो. पट मांडलेला होता. पांढऱ्याच्या बाजूला ते बसले होते. म्हणाले, "गढी मोडकी आहे याचं वाईट नाही वाटलं. दाराला कडी नाही हे घरच्या माणसाला माहीत होतं आणि मी आत झोपलो होतो, त्याचं वाईट वाटलं. आता बसा. कडी लावू."

त्या दिवसापासून आमची पद्धत बदलली. वहीचं डावीकडचं पान गढी पाडणाऱ्या खेळ्यांसाठी, उजवीकडचं उत्तरांसाठी. डावं पान आधी लिहायचं. ज्याला भगदाड सापडेल त्याला दुसऱ्यानं चहा पाजायचा. जिंकलेल्या डावाला चहा नाही. दोन महिन्यांनी त्या प्याद्याचं उत्तर सापडलं. ते पाचव्या ओळीत यायची वाट पाहायचीच नाही. चौथ्या ओळीत दिसलं की लगेच आपण वजिरासमोरचं प्यादं आणखी एक घर पुढे नेऊन मध्याला हात घालायचा. पांढऱ्यानं राजासमोरचं प्यादं पुढे सारलं तर मध्य बंद होतो. मग कडेचं प्यादं एक घर पुढे घालून पांढऱ्याचा रस्ता अडवायचा आणि राजासमोरच्या घोड्याला पुढचं चांगलं घर द्यायचं. हे उत्तर शंभर टक्के पक्कं आहे असं मी आजही म्हणणार नाही. पण गढी त्यानंतर तशी सहज पडली नाही.

या वहीमुळे पुढे मला वाचायचीही सवय लागली, आणि कळलं की आमची गोष्ट काही जगावेगळी नव्हती. अमेरिकेचे फ्रँक मार्शल यांचं उदाहरण घ्या. काळ्यासाठी त्यांनी एक आक्रमक सुरुवात तयार केली आणि १९१८ मध्ये न्यूयॉर्कला कापाब्लांका यांच्याविरुद्ध ती बाहेर काढली. अनेक वर्षं त्यांनी ती खास याच प्रतिस्पर्ध्यासाठी लपवून ठेवली होती, अशी दंतकथा आहे. जाणकार तिच्यावर फारसा विश्वास ठेवत नाहीत. एवढं मात्र खरं, की कापाब्लांका यांनी पटावर बसल्या जागी बचाव शोधून काढला आणि मार्शल हरले. पण सुरुवात मेली नाही. इतरांनी तिच्यात दुरुस्त्या केल्या आणि मार्शलच्या नावानं ती आजही मोठमोठे खेळाडू खेळतात.

दुसरं उदाहरण इंग्लंडच्या टोनी माइल्स यांचं. १९८० मध्ये स्वीडनमधल्या स्कारा इथं सांघिक स्पर्धेत त्यांच्यासमोर होते तेव्हाचे विश्वविजेते अनातोली कार्पोव. कार्पोवनी राजासमोरचं प्यादं दोन घरं काढलं. माइल्सनी उत्तरादाखल कडेचं, हत्तीसमोरचं प्यादं एक घर सरकवलं. नवशिक्या पोरानं करावी अशी ती खेळी! बघणाऱ्यांत हशा पिकला, असं माइल्सनीच पुढे सांगितलं आहे. डाव माइल्स जिंकले. एका विजयानं ती खेळी उत्तम ठरली असं नाही, पण ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही हे सिद्ध झालं.

आणि आपल्या देशाचं उदाहरण तर या सगळ्यांच्या आधीचं. १८५० च्या आसपास कलकत्त्यात जॉन कॉक्रेन नावाचे स्कॉटिश बॅरिस्टर होते, नामांकित बुद्धिबळपटू. त्यांना बंगालमधला महेशचंद्र बॅनर्जी नावाचा खेळाडू भेटला. कॉक्रेन त्याच्याशी शेकडो डाव खेळले आणि त्यातले पुष्कळसे टिपून ठेवले, म्हणून आज आपल्याला ते माहीत आहेत. कॉक्रेन मध्यावर प्यादी दामटायचे. महेशचंद्र मात्र घोड्यासमोरचं प्यादं एक घर सरकवून तिथून उंटाला तिरपी वाट काढून द्यायचे आणि लांबून मध्यावर मारा करायचे. युरोपातल्या लोकांना ते विचित्र वाटलं असणार. १८५५ च्या एका डावात त्यांनी काळ्यानं जी मांडणी केली, ती ऑस्ट्रियाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्ड यांनी १९२२ मध्ये स्पर्धेत आणली आणि आज ती ग्रुनफेल्डच्या नावानं ओळखली जाते. पण त्या साऱ्या कुळाला जगभर 'इंडियन डिफेन्स', म्हणजे भारतीय बचाव म्हणतात.

हे वाचलं तेव्हा मला आजोबा आठवले. प्यादं एकच घर चालतं अशा खेळात वाढलेल्या माणसाला तीन ओळींत फौज लावायची सवय असणारच. त्याला ती नवी युक्ती वाटत नाही. १९५५ मध्ये एलुरूला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. तिथं आपले रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या संयुक्त विजेते ठरले. पुढे आंतरराष्ट्रीय नियम गावोगाव पोचले आणि देशी खेळ आजोबांच्या पिढीबरोबर ओट्यावरून उठला. त्याची एक सवय तेवढी आमच्या वहीत राहिली.

मुनीमजी आता नाहीत. वही माझ्याकडे आहे. पानांच्या कडांना अजून हळदीचे डाग दिसतात. माझी नात बुद्धिबळ खेळते. तिच्या पिढीसमोर नागपूरची दिव्या देशमुख आहे, जी २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकून एकोणिसाव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली. नातीनं एकदा आमची गढी मोबाइलमधल्या संगणकाला घातली. त्यानं क्षणात सांगितलं, पांढरा अर्ध्या-पाऊण प्याद्यानं वरचढ. आणि पहिलीच खेळी सुचवली ती उंटासमोरच्या प्याद्याची. जे शोधायला मला एक रात्र लागली आणि कबूल करायला एक आठवडा, ते यंत्रानं सहज सांगून टाकलं.

नातीनं विचारलं, "मग आजोबा, ही सुरुवात चुकीची का?"

मी म्हटलं, "चुकीची नाही, अवघड आहे. समोर माणूस असेल तर त्याला ते प्यादं आधी सापडावं लागतं, मग त्याची हिंमत व्हावी लागते. पण तू ही खेळणार असशील तर आधी पांढऱ्या बाजूला बस आणि ती पाडून दाखव. आणि पाडता आली तर त्याच दिवशी मला सांग."

तिनं त्या रविवारी तीन तास बसून गढीत आणखी एक भगदाड शोधलं. आमच्या वहीत ते नव्हतं. मी डाव्या पानावर ते तिच्या हातानं लिहून घेतलं. उजवं पान अजून कोरं आहे. उत्तर शोधणं चालू आहे. आणि ठरल्याप्रमाणे मी तिला चहा करून दिला.